टर्बोचा ऑइल ड्रेन: ढाळ आधी, फिटिंग नंतर

टर्बोकडे (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राकडे) जाणारं ऑइल पंपाच्या दाबाने जातं. टर्बोतून परत येणारं ऑइल मात्र फक्त स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. बेअरिंगमधून सुटलं की त्याचा दाब संपतो, आणि मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या शाफ्टने घुसळल्यामुळे ते द्रव कमी आणि फेस जास्त असं बाहेर पडतं. फेसाला जागा जास्त लागते आणि वाहण्याचा जोर कमी असतो. म्हणून ड्रेनच्या, म्हणजे परतीच्या, नळीकडे प्रेशर लाइन म्हणून नव्हे, मोरीच्या पाइपासारखं बघायचं: रुंद, आखूड, सतत उताराची, कुठेही पोट न पडलेली.

हे इतकं महत्त्वाचं का, याचं उत्तर टर्बोच्या सीलमध्ये आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील नसतं, पिस्टन रिंगसारख्या धातूच्या बारीक रिंगा असतात. बाहेरच्या हवेचा किंवा एक्झॉस्ट गॅसचा दाब आतल्या दाबापेक्षा जास्त असतो, तोवर त्या ऑइल अडवतात. मधलं हाउसिंग (बेअरिंग असलेला टर्बोचा मधला भाग) ऑइलने भरून शाफ्टपर्यंत आलं, की रिंगा काही करू शकत नाहीत. ऑइल एका बाजूने एक्झॉस्टमध्ये आणि दुसऱ्या बाजूने इनटेकमध्ये जातं. गाडी निळा धूर सोडते, टर्बो ‘गेला’ असं ठरतं, नवा बसतो, आणि तोही तसाच धूर सोडतो, कारण तुंबलेला ड्रेन जसाच्या तसा राहिलेला असतो.

टर्बो कसा बसतोय ते आधी पाहा

ड्रेनचं तोंड सरळ खाली असायला हवं. नाइलाज असेल तर उभ्या रेषेपासून जास्तीत जास्त ३५ अंश कलतं चालेल, त्यापुढे नाही. मॅनिफोल्डवर (इंजिनचा एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या पाइपांवर) टर्बो बसवून बघताना तोंड वाकडं दिसलं, तर टर्बाइन (एक्झॉस्टची बाजू) आणि कॉम्प्रेसर (इनटेकची बाजू) हाउसिंगचे बोल्ट किंवा बँड सैल करून मधलं हाउसिंग फिरवा. बँड किंवा पट्ट्यांनी धरलेले बहुतेक टर्बो असे फिरतात, पण वेस्टगेट अ‍ॅक्च्युएटरचा (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप हलवणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट आड येतो, त्याचा विचार आधीच करा. फिरवताना हाउसिंग सरळ धरा. तिरकं ओढलं तर व्हीलची पाती हाउसिंगला घासून वाकतात, आणि वाकलेल्या पात्याचा टर्बो पुन्हा बॅलन्स केल्याशिवाय वापरता येत नाही.

मग ड्रेनच्या तोंडापासून चेंबरपर्यंत (इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यापर्यंत) नजरेने रेघ ओढा. वाटेत स्टार्टर, इंजिन माउंट, ड्राइव्ह शाफ्ट, डाउनपाइप काय काय येतं ते बघा. नळीला वळसा घालावा लागणार असेल, तर मॅनिफोल्ड पक्कं करण्याआधीच टर्बो २०–३० मिमी वर किंवा बाजूला घेता येतो का ते तपासा. मॅनिफोल्ड वेल्ड होऊन गेल्यावर ड्रेनचा विचार करणं हा या कामातला सगळ्यात महाग पडणारा क्रम आहे.

ऑइल परत कुठे सोडायचं

परतीचं भोक चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर हवं. भोक पातळीखाली गेलं, तर नळीतही त्याच उंचीपर्यंत ऑइल उभं राहतं आणि वरून येणाऱ्या हलक्या फेसाला त्या उभ्या ऑइलला ढकलून आत जावं लागतं. तेवढं वजन फेसाजवळ नसतं.

पातळी अंदाजाने ठरवू नका. चेंबर उतरवून धुतलं, की ते इंजिनवर ज्या कलात बसतं त्याच कलात टेकू देऊन ठेवा. बऱ्याच गाड्यांत इंजिन थोडं तिरकं असतं आणि सपाट फरशीवर घेतलेलं माप तिथे फसतं. फिल्टरमध्ये राहणारं सोडून बाकीचं पूर्ण ऑइल मोजून ओता आणि बाहेरून मार्करने रेघ मारा. भोकाची खालची कड या रेघेच्या किमान २५ मिमी, शक्य असेल तर ४० मिमी वर ठेवा. इंजिन चालू असताना बरंच ऑइल वर हेडमध्ये आणि गॅलरींत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत) असतं, त्यामुळे पातळी या रेघेखालीच राहते. मग इतकं अंतर कशाला? वळणावर आणि ब्रेक लावताना ऑइल एका बाजूला चढतं. १ जी इतक्या बाजूच्या त्वरणात त्याचा पृष्ठभाग ४५ अंश तिरका होतो. वळणापुरतं भोक बुडलं तर बिघडत नाही, कायम बुडलेलं मात्र चालत नाही.

पातळी सुटली तरी क्रँकशाफ्टचा प्रश्न उरतो. त्याची काउंटरवेट (समतोलाची वजनं) आणि कनेक्टिंग रॉडचे बिग एंड (खालची जाड टोकं) चारी बाजूंना ऑइल फेकत असतात. तो मारा थेट भोकावर आला, तर उलटं ऑइल नळीत शिरतं. विंडेज ट्रे (क्रँक आणि ऑइल यांच्यामधला आडवा पत्रा) असेल तर भोक त्याच्या खाली घ्या. नसेल तर भोकासमोर आतून १०–१२ मिमी अंतर सोडून पत्र्याची छोटी आडपट्टी वेल्ड करा, खालची बाजू उघडी ठेवून. पट्टी भोकाला चिकटवली तर तीच अडथळा होईल.

ब्लॉकमध्ये कारखान्यातून ठेवलेली, प्लगने बंद केलेली परतीची जागा असेल तर तीच वापरा. एकाच ब्लॉकचे टर्बो आणि बिनटर्बो असे दोन प्रकार निघाले असतील, तर अशी जागा सापडण्याची शक्यता चांगली असते. टायमिंग चेनच्या कव्हरमधून सोडलेला ड्रेनही उत्तम चालतो, कारण तिथून ऑइल आपोआप चेंबरकडे घरंगळतं. फक्त नळीचं तोंड चेनच्या मार्गात येत नाही हे तपासा.

माप

फीडची, म्हणजे टर्बोला ऑइल पुरवणारी, एएन-४ होज (एएन ही होज-फिटिंगच्या मापांची पद्धत) आतून साधारण ५.५ मिमी असते. ड्रेनला एएन-१० ही किमान मर्यादा समजा, आतून सुमारे १४ मिमी. म्हणजे क्षेत्रफळ फीडच्या साडेसहा पट होतं, आणि फेसाला तेवढं लागतं. उतार कमी किंवा नळी लांब असेल तर एएन-१२ घ्या, आतून साधारण १७ मिमी. त्याहून मोठी घेतल्याने तोटा नाही, जागा तेवढी जाते.

नळीचं माप बरोबर घेऊन फिटिंगमध्ये फसणं नेहमीचं आहे. बाहेरून एएन-१० दिसणाऱ्या, दुसऱ्या टोकाला ३/८ एनपीटी म्हणजे निमुळते पाइप आटे असलेल्या अ‍ॅडॉप्टरचं भोक आतून जेमतेम १० मिमी भरतं. संपूर्ण ड्रेनचं माप म्हणजे त्यातल्या सगळ्यात अरुंद जागेचं माप. म्हणून प्रत्येक फिटिंग उजेडासमोर धरून आरपार बघा आणि व्हर्नियरने मोजा. चेंबरच्या बाजूला किमान १/२ एनपीटी घ्या, किंवा सरळ एएन-१० नर टोकाचा वेल्ड-ऑन बंग (वेल्ड करून बसवायचं आट्यांचं तोंड). ९० अंशांचा एल्बो टाळा. दोन ४५ अंशांचे चालतात. एल्बो घ्यावाच लागला तर नळी वाकवून केलेला गोलाईचा घ्या. ठोकळ्यात दोन भोकं काटकोनात पाडून केलेल्या एल्बोच्या आतल्या कोपऱ्यात फेस अडतो.

टर्बोच्या फ्लँजलाही हेच लागू आहे. बाजारातल्या काही ड्रेन फ्लँजचं भोक टर्बोच्या तोंडापेक्षा लहान असतं. फ्लँज, पॅकिंग आणि टर्बोचं तोंड एकावर एक ठेवून बघा, आणि पॅकिंगची कड भोकात डोकावत असेल तर कापा. इथे सिलिकॉन सीलंट लावू नका. दाबल्यावर आत आलेली त्याची लोळी भोक अर्धं करते, आणि तुटली तर थेट चेंबरमध्ये जाऊन पिकअपच्या (ऑइल पंपाच्या ओढनळीच्या) जाळीवर बसते. कोरडं पॅकिंग, स्वच्छ पृष्ठभाग एवढं पुरतं. एम६ बोल्टला ९–१० न्यूटन-मीटर, एम८ला २० च्या आसपास.

चेंबरला बंग बसवणं

गाडीवरच चेंबर ठेवून, ड्रिलला ग्रीस फासून भोक पाडण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ग्रीस बराचसा कीस धरतं, सगळा नाही. उरलेला कीस पिकअपच्या जाळीवर आणि ऑइल पंपात जातो. चेंबर उतरवाच.

उतरवल्यावर जागा आतून-बाहेरून पूर्ण तेलमुक्त करा. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर कधीही वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. गरम साबणपाणी किंवा पाण्यात मिसळणारं डीग्रीझर वापरा आणि पूर्ण वाळू द्या.

पत्र्याच्या चेंबरला आधी ५–६ मिमीचं पायलट भोक पाडा, मग स्टेप ड्रिलने वाढवा. कड कानशीने साफ करा. बंग बाहेरून बसवा, आत २–३ मिमीपेक्षा जास्त येऊ देऊ नका, आणि त्याचं तोंड टर्बोच्या दिशेने थोडं वर वळलेलं ठेवा, म्हणजे नळीला वळण कमी लागेल. वेल्ड एका दमात फिरवू नका. चार टाके घाला, मग समोरासमोरचे तुकडे थोडे-थोडे भरत जा, मध्ये थंड होऊ द्या. एकाच जागी उष्णता दिली तर चेंबरची पॅकिंगची कड वाकते आणि ती गळती नंतर वर्षानुवर्षं त्रास देते. जमलं तर वेल्डिंगच्या वेळी चेंबर जाड सपाट प्लेटवर बोल्टने आवळून ठेवा.

अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरला टिग वेल्डिंग लागतं. जुन्या कास्टिंगच्या छिद्रांत मुरलेलं तेल वेल्डमध्ये फुगे आणतं, म्हणून तापवून, घासून, पुन्हा धुऊन घ्यावं लागतं. भिंत ८–१० मिमी जाड असेल तर वेल्डिंगऐवजी १/२ एनपीटी टॅप मारता येतो. त्यासाठी भोक १८.२ मिमीच्या आसपास. आटे शंकूसारखे असल्याने टॅप पूर्ण आत घालू नका. फिटिंग अधूनमधून लावून बघत जा आणि हाताने तीन-चार आटे बसले की थांबा. वेल्डिंगची सोयच नसेल तर आत-बाहेर नट असलेलं बल्कहेड फिटिंग दोन्ही बाजूंना सीलिंग वॉशर लावून बसवता येतं, पण जागा सपाट हवी. गोलाईवर ते हमखास झिरपतं.

वेल्डची चाचणी रॉकेल आणि खडूने करा. बाहेरून वेल्डवर खडूची पूड पाण्यात कालवून पातळ थर द्या, वाळू द्या, आतून रॉकेल फासा. अर्ध्या-पाऊण तासात पांढऱ्या थरावर ओला डाग उमटला तर तिथे छिद्र आहे. पाणी भरून केलेली चाचणी इतकी बारीक गळती दाखवत नाही.

चेंबर पुन्हा चढवण्याआधी बंगच्या आतल्या टोकावर प्लॅस्टिसिनचा छोटा गोळा लावा, चेंबर चार बोल्टवर धरा, इंजिन पान्याने हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवा. गोळा कापला गेला असेल तर बंग रॉडला लागतोय. किमान ५ मिमी मोकळं हवं. नंतर गोळा काढायला विसरू नका.

नळी

टर्बोजवळचं ऑइल १२० अंश सेल्सियसच्या वर सहज जातं आणि शेजारचं हाउसिंग त्याच्या कितीतरी पट तापतं. साधी नायट्राइल रबराची होज अशा ठिकाणी काही महिन्यांत कडक होऊन तडकते. एफकेएम (उष्णता सोसणाऱ्या फ्लुरो रबराच्या) अस्तराची होज साधारण २०० अंशांपर्यंत टिकते, पीटीएफईची (टेफ्लॉनची) त्याहून वर. निळी-लाल साधी सिलिकॉन होज दिसायला छान, पण इंजिन ऑइलने ती फुगते, मऊ होते आणि घाम फुटल्यासारखी झिरपते. सिलिकॉनच हवी असेल तर आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असलेली घ्या.

सगळ्यात टिकाऊ रचना दोन लोखंडी नळ्यांची आहे: टर्बोच्या फ्लँजवरून एक, चेंबरच्या बंगवरून एक, आणि मध्ये ५०–७० मिमी लवचीक होज. इंजिन तापल्यावर मॅनिफोल्ड वाढतं आणि टर्बो एक-दोन मिलिमीटर सरकतो, ती हालचाल होज सोसते. संपूर्ण कडक नळी फ्लँजपाशी तडकते. नळीच्या टोकांना गोल उंचवटा काढून घ्या, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळला तरी होज सरकते.

पूर्ण नळी उभ्याच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवा. आडवा तुकडा नको, आणि खाली जाऊन पुन्हा वर चढणारा यू आकार तर मुळीच नको. त्या खोलगटात ऑइल साचून राहतं आणि परिणाम तोंड बुडवल्यासारखाच होतो. ढाळ तपासायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, जॅक स्टँडवर पुढून उचललेली असताना नाही. एक्झॉस्टपासून किमान ५० मिमी अंतर ठेवा. तेवढं मिळत नसेल तर उष्णतारोधक स्लीव्ह घाला आणि मध्ये पत्र्याची ढाल लावा. तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल गळलं की आग लागते, त्यामुळे इथे कंजूषी नको.

एएन फिटिंगचं ३७ अंशांचं फ्लेअर धातूवर धातू बसून सील होतं, त्यावर टेप लावायची नाही. टेप किंवा सीलंट फक्त एनपीटी आट्यांवर, तेही पहिले दोन आटे मोकळे सोडून. फीडच्या बाजूला टेप अजिबात नको. तिचा एक तंतू रिस्ट्रिक्टरमध्ये (ऑइल मर्यादित करणाऱ्या बारीक भोकात) अडकला की बेअरिंग कोरडं पडतं.

फीड आणि क्रँककेसचा दाब

ड्रेन व्यवस्थित असूनही धूर येतो तेव्हा बहुतेकदा या दोघांपैकी एक दोषी असतो. बॉल बेअरिंगच्या टर्बोला ऑइल कमी लागतं, त्याच्या फीडला साधारण १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर असतो. काही टर्बोंच्या आत तो आधीच बसवलेला असतो. मग बाहेरून दुसरा लावायचा नाही. जर्नल बेअरिंगला (गोळ्या नसलेल्या, ऑइलच्या थरावर चालणाऱ्या) सहसा रिस्ट्रिक्टर लागत नाही. ऑइलचा दाब फार जास्त असलेल्या इंजिनवर १.५ मिमीच्या आसपासचा वापरतात. टर्बोबरोबर आलेल्या कागदावरचं माप या सगळ्यांवर भारी.

क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीत) ब्लो-बायचा, म्हणजे पिस्टन रिंगांजवळून निसटलेल्या गॅसचा, दाब साठला, तर तो ड्रेनच्याच नळीतून वर येतो आणि उतरणाऱ्या ऑइलला थोपवतो. टर्बो लावल्यावर ब्लो-बाय वाढतो, पण ब्रीदर (तो गॅस बाहेर सोडणारी वाट) जुनाच राहतो. इनटेक मॅनिफोल्डला जाणाऱ्या पीसीव्ही (क्रँककेसचा गॅस इनटेककडे नेणाऱ्या) नळीत चालू स्थितीतला एकदिशा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) सरळ क्रँककेसमध्ये भरतो. शिवाय टर्बोच्या आधीच्या इनटेकला किंवा कॅच कॅनला (गॅसबरोबरचं ऑइल अडवणाऱ्या डब्याला) जाणारी दुसरी रुंद ब्रीदर नळी ठेवा.

टर्बो चेंबरपेक्षा खाली असेल तर

इथे गुरुत्वाकर्षण कामाचं नाही. स्कॅव्हेंज पंप (ऑइल ओढून परत पाठवणारा) लागतो. टर्बोखाली छोटी टाकी, तिच्या तळातून जाळीतून पंपाकडे, पंपाकडून चेंबरकडे. टाकी महत्त्वाची: तिथे फेस बसतो आणि पंपाला द्रव मिळतो. पंप गरम ऑइल आणि फेस दोन्ही झेपणारा गिअर प्रकारचा घ्या. पेट्रोलचा पंप वापरू नका. फीडला एकदिशा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर इंजिन बंद झाल्यावर गॅलरीतलं ऑइल टर्बोत उतरून बसतं. पंप बंद पडला की टर्बो काही मिनिटांत भरतो, म्हणून डॅशबोर्डवर चेतावणीचा दिवा द्या. अर्थात टर्बो वर उचलता येत असेल तर पंपाच्या भानगडीत पडूच नये.

सुरू करण्याआधी

ड्रेनचं खालचं टोक सोडून बाटलीत धरा, वरून टर्बोच्या फीडच्या भोकात थोडं स्वच्छ ऑइल ओता आणि शाफ्ट हाताने फिरवा. मग फीड जोडा, इंधन आणि इग्निशन तोडा, स्पार्क प्लग काढा आणि १०–१० सेकंद क्रँक करा. बाटलीत ऑइल येऊ लागलं की फीड चालू आहे. आता खालचं टोक जोडा. वरचं टोक टर्बोपासून सोडून फनेलने पाव लिटर ऑइल एकदम ओता. ते न थांबता उतरायला हवं. फनेल भरून येत असेल तर अडथळा शोधा, पुढे जाऊ नका. सगळं जोडल्यावर इंजिन आयडलवर दहा मिनिटं चालवा, प्रत्येक जोड टॉर्चने बघा, बंद करून ऑइलची पातळी पुन्हा भरा. पहिल्या काही दिवसांत होज बसते, तेव्हा क्लॅम्प एकदा पुन्हा आवळा.

निळा धूर दिसलाच तर

गाडी पाच-दहा मिनिटं आयडलवर ठेवल्यावर, किंवा त्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर देताच धूर येत असेल, तर आधी ऑइल भरायचं झाकण उघडून आयडल बघा. धूर स्पष्ट कमी झाला तर क्रँककेसचा दाब दोषी. ब्रीदर आणि पीसीव्ही तपासा. फरक पडला नाही तर फीड: रिस्ट्रिक्टर आहे का, त्याचं माप बरोबर आहे का. तेही ठीक असेल तर ड्रेनचं खालचं टोक तात्पुरतं सोडून लांब होजने बाहेर ठेवलेल्या डब्यात सोडा, चेंबरचं तोंड प्लगने बंद करा आणि अर्धा मिनिट चालवून बघा. ऑइल या वेळी परत चेंबरमध्ये जात नाही, म्हणून डिपस्टिकवर नजर ठेवा आणि वेळ वाढवू नका. मोकळा सोडल्यावर धूर कमी होऊ लागला तर चेंबरचं भोक बुडतंय किंवा क्रँकच्या माऱ्यात आहे. एअर फिल्टर चोंदलेला असेल तर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी निर्वात तयार होऊन ऑइल ओढलं जातं, तोही बघून घ्या. हे सगळं झाल्यावरच शाफ्टची ढिलाई मोजायला घ्या, आणि ती मर्यादेत निघाली तर टर्बोला हात लावू नका: व्हॉल्व्ह सील आणि पिस्टन रिंगकडे वळा.